एकोडीची वाट आणि वाऱ्याची वांटणी

प्रवासवर्णन म्हटलें कीं काशी-रामेश्वर, हिमालयाचीं शिखरें, अथवा निदान समुद्रापलीकडील एखादें राजधानीचें शहर, अशी आपणां सर्वांची समजूत झालेली आहे. ज्या गांवीं मोठें देऊळ नाहीं, किल्ला नाहीं, राजवाडा नाहीं, त्या गांवाविषयीं चार पानें कोणी लिहावीं, आणि लिहिलीं तरी तीं कोणी वाचावीं, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. तथापि प्रवासाचें फळ पाहिलेल्या स्थळाच्या मोठेपणापेक्षां तेथें जें आपणांस नवीन कळलें त्यावर अधिक अवलंबून असतें, असा आमचा अनुभव आहे. त्याच आधारावर आम्ही आज वाचकांस भंडारा जिल्ह्यांतील एकोडी नांवाच्या खेड्यांत घेऊन जाणार आहों. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही तेथें आठ दिवस राहिलों, आणि महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या रस्त्यावरील सायकल-शर्यती हा विषय तेथील एका डांबरी रस्त्यावर आम्हांस प्रथमच नीट उमजला.

नागपुराहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पूर्वीं सहाव्या क्रमांकाचा म्हणून ओळखला जाई. आतां त्याचा क्रमांक ५३ आहे. भंडाऱ्यास वैनगंगा ओलांडून हा मार्ग लाखनीवरून साकोलीस येतो. नागपूर ते साकोली हें अंतर सुमारें शंभर किलोमीटर भरतें. रेल्वेनें येणारास गोंदिया-बल्लारशा मार्गावरील सौंदड हें स्थानक सोईचें पडतें. साकोली हें तालुक्याचें ठिकाण असल्यामुळें तेथें बाजारपेठ आहे, महाविद्यालय आहे, आणि महामार्गावरील मालमोटारींचा अखंड गलबला आहे. तेथून तुमसरच्या दिशेनें वळलें कीं थोड्याच वेळांत तो गलबला मागें पडतो व धानाचा मुलूख सुरू होतो. याच वाटेवर एकोडी आहे.

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात तें यथार्थ आहे. गोंड राजांच्या काळीं कोहळी समाजानें या मुलखांत शेंकडों तलाव बांधले. नवेगांवचा प्रचंड बांध कोलू पाटील कोहळी यांनीं घातला अशी परंपरा सांगते. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा निराळा झाल्यापासून तें स्थळ त्या जिल्ह्यांत मोडतें. मोठ्या तलावाबरोबर लहान बोड्याही जागोजाग आहेत. पावसाळ्यांत त्यांचें पाणी पायऱ्यापायऱ्यांनीं एका बांधींतून दुसऱ्या बांधींत उतरत जातें. मार्गशीर्षांत धान कापून झालेला असतो, आणि मळणी व्हावयाची राहिलेलीं पुंजणीं शेतांशेतांतून घुमटांसारखीं उभीं असतात. कापणीपूर्वींच ओल्या बांधींत फेंकलेली लाखोळी आतां धसकटांमधून हिरवी होऊन वर आलेली दिसते. धुऱ्यांवर मोह, पळस, बाभूळ. उत्तरेस नागझिऱ्याच्या रानाची काळसर रेघ. सकाळीं सातपर्यंत धुकें इतकें दाट असतें कीं समोरून येणारी बंडी प्रथम बैलांच्या घुंगरांनींच कळते.

या गांवीं आमचे मामा राहतात. पस्तीस वर्षें शिक्षकाचें काम करून ते निवृत्त झाले व वडिलार्जित शेतीकडे पाहूं लागले. गांवांतील लोक त्यांस गुरुजी म्हणतात, आणि घरांतील मुलें आबाजी म्हणतात. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा नागपुरास विज्ञानाच्या शेवटच्या वर्षांत शिकत आहे. सत्र-परीक्षा आटोपतांच तो आपल्या तीन मित्रांसह मामांकडे येऊन राहिला होता. चौघेही विद्यापीठाच्या सायकल-संघाच्या निवडीसाठीं तयारी करीत होते. त्यांपैकीं एक साकोलीजवळच्या एका खेड्यांतील शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांची जमीन अवघी दोन एकर. शहराच्या रहदारींत ताशीं चाळीस किलोमीटरांचा वेग धरणें म्हणजे जिवाशींच खेळ. म्हणून ही मोकळी वाट त्यांनीं निवडली होती. चार तरुणांची भूक आणि आठ चाकांची धुलाई यांनीं मामींचें अंगण गजबजून गेलें होतें. रोज दुपारीं गोळाभाताचें पातेलें रिकामें झालें कीं त्यांस मोठा संतोष वाटे.

गांवकऱ्यांस शर्यत ही गोष्ट नवी नाहीं. झाडीपट्टींत शंकरपटाची हौस पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. बैलांच्या जोड्या पळविण्याचा हा खेळ सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालानें बंद पडला होता; डिसेंबर २०२१ मध्यें त्यास अटींसह मोकळीक मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्यामुळें आमच्या मुलांची चौकशी झाली तीही पटाच्याच भाषेंत. चहाच्या टपरीवर एका वृद्ध धुरकऱ्यानें पहिल्याच दिवशीं विचारलें, “इनाम काय आहे?”

“इनाम नाहीं, बाबाजी. एक पदक आणि प्रमाणपत्र, तेंही पहिल्या तिघांसच.”

“मग पळतां कशासाठीं?”

मुलें हंसलीं. परंतु रात्रीं जेवणें झाल्यावर मामांनीं ओसरीवर तोच प्रश्न शांतपणें पुन्हां विचारला, तेव्हां कोणी हंसलें नाहीं. कारण मामांच्या प्रश्नामागें एक घरगुती पेंच होता, व त्याचा उलगडा पुढें यावयाचा आहे. तत्पूर्वीं हा खेळ आहे तरी काय, तें वाचकांस सांगितलें पाहिजे.

भारतांतील विद्यापीठांचें सामाईक मंडळ १९२५ सालीं इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड या नांवानें स्थापन झालें. तेंच आतां भारतीय विद्यापीठ संघ या नांवानें ओळखलें जातें. त्याच्या विद्यमानें ज्या अखिल भारतीय आंतरविद्यापीठीय क्रीडास्पर्धा होतात त्यांत सायकलिंगचाही समावेश आहे. निरनिराळ्या महाविद्यालयांतून विद्यार्थी निवडून प्रत्येक विद्यापीठ आपला संघ पाठवितें. मुलांचे व मुलींचे संघ निरनिराळे असतात. धांवपट्टीवरील प्रकार वेगळे आणि रस्त्यावरील वेगळे. रस्त्यावरील शर्यतीचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यांत एकेकट्यास ठराविक अंतरानें सोडतात व त्याचें युद्ध केवळ घड्याळाशीं असतें. पुढच्यास गांठलें तरी त्याच्या आड दडण्याची मनाई असते. दुसऱ्यांत सर्वांस एकदम सोडतात, आणि जो प्रथम रेषा ओलांडील तो विजयी. तिसरा प्रकार संघाचा. चौघे एकत्र सुटतात, एकत्र धांवतात, आणि चारांपैकीं तिसऱ्याचें चाक ज्या क्षणीं रेषेवर येतें तो संघाचा वेळ धरतात. ऑलिंपिकमध्यें १९६० पासून १९९२ पर्यंत शंभर किलोमीटरांची संघ-शर्यत होत असे, तिचाही नियम हाच होता. तिसऱ्याचा वेळ धरावयाचा, पहिल्याचा नव्हे. आणि चौथा आला काय, न आला काय, हिशेबांत त्याची गणना नाहीं. हा नियम वाचकांनीं लक्षांत ठेवावा.

सायकल चालविणारास खरा शत्रु कोण, असें विचारल्यास बहुतेक लोक चढाचें नांव घेतील. सपाट रस्त्यावर मात्र तो मान वाऱ्याचा आहे. वारा पडलेला असला तरी आपण वेगानें जाऊं लागलों म्हणजे आपणच वारा उत्पन्न करितों. त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत. अर्थात् ताशीं तीस किलोमीटरांवरून चाळिसांवर जाण्यास वाऱ्यापुरती शक्ति सव्वापट किंवा दीडपट नव्हे, तर सव्वादोनपटींहून अधिक खर्चावी लागते. म्हणूनच हे तरुण कंबरेंत वांकून, कोपरें मिटून, हनुवटी जवळजवळ हातांवर टेकून बसतात. त्यांच्या सायकलीस चिखलरोधक नसतात, मागें कॅरिअर नसतो, घंटीही बहुधा नसते. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानें शर्यतीची सायकल ६.८ किलोंहून हलकी असतां कामा नये. यावरून हलकेपणाची हांव किती असेल याची कल्पना येते. आमच्या घरोघरीं भिंतीस टेकून उभी असलेली काळी सायकल या सायकलीपुढें म्हशीसारखी भासते.

वाऱ्यावर दुसराही एक उपाय आहे. पुढें एक सायकलस्वार असतां त्याच्या मागच्या चाकाशीं आपलें पुढचें चाक वीतभर अंतरावर ठेवून चाललें, तर मागच्याचे पाव ते एकतृतीयांश श्रम वांचतात. परंतु पुढच्याचे श्रम कांहीं तितके कमी होत नाहींत. एकच मनुष्य पुढें राहिला तर तो थकून सर्वांचाच वेग मंदावेल. म्हणून पुढचा मनुष्य अर्धा मिनिट, एक मिनिट वारा अंगावर घेतो, मग बाजूस होऊन हळूच मागें सरकतो व रांगेच्या शेवटीं जाऊन लागतो; तोंवर दुसरा पुढें झालेला असतो. मोटेवर आळीपाळीनें बैल जुंपावेत त्यांतलाच हा प्रकार. येथें कोणी आज्ञा देत नाहीं, कोणी मोजीत नाहीं. पुढच्यानें कोपर किंचित् हलविलें कीं मागच्यानें समजावयाचें.

हें सर्व आम्हीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्रत्यक्ष पाहिलें. साडेसहाच्या सुमारास, धुकें विरळ होतांच, चौघे निघाले; शेजारच्या एका गृहस्थांच्या मोटारसायकलीवर मागें बसून आम्ही त्यांच्यामागें राहिलों. आरंभीं वाटलें, मुलें गप्पा मारीत फिरावयास निघालीं आहेत. गांवाची शींव ओलांडल्यावर बोलणें थांबलें. चौघांच्या पाठी एका रेषेंत आल्या आणि सांखळ्यांचा एकच बारीक आवाज होऊं लागला. रस्त्यांत खड्डा आला कीं पुढचा हात खालीं करून बोट दाखवी व तोच इशारा मागेंमागें जाई. धानाची ट्रॅक्टर-ट्रॉली समोरून आली तेव्हां रांग एकदम रस्त्याच्या कडेस सरली. एका ठिकाणीं गुरें आडवीं आलीं. चौघेही उतरून उभे राहिले, गुराख्याशीं दोन शब्द बोलले, आणि पुन्हां निघाले. शहरांतील शर्यतबाज तरुणांविषयीं आमच्या मनांत जी प्रतिमा होती, तिच्याशीं हें चित्र मुळींच जुळेना.

परततांना आमच्या पुतण्यास आम्हीं विचारलें, “पुढें असतांना काय वाटतें रे?”

तो म्हणाला, “काका, पुढें असतांना कांहींच दिसत नाहीं. रस्ता आणि छातीचे ठोके. मागें असलें कीं पुढच्याची पाठ दिसते, आणि आतां आपली पाळी आली हें कळतें.”

हा खेळ पोरकट आणि विद्येशीं फटकून वागणारा आहे, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून एक समजूत आढळते. तिचें निरसन इतिहासच करितो. केंब्रिज विद्यापीठांतील आयन कीथ-फाल्कनर हा आपल्या काळचा नामांकित सायकलपटू. त्या वेळीं पुढचें चाक छातीइतकें उंच व मागचें बोटभर अशा सायकली होत्या. १८७८ सालीं त्यानें जॉन कीन या धंदेवाईक अजिंक्यवीरास शर्यतींत हरविलें, आणि १८८२ मध्यें इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकापासून स्कॉटलंडच्या ईशान्य टोंकापर्यंतचें सुमारें हजार मैलांचें अंतर तेरा दिवसांत तोडलें. हाच गृहस्थ सेमिटिक भाषांचा पंडित होता, पुढें त्याच विद्यापीठांत अरबीचा प्राध्यापक झाला, आणि १८८५ सालीं त्यानें ‘कलीला व दिमना’ या ग्रंथाचें सिरियाक भाषेंतून इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. हा ग्रंथ म्हणजे आपल्या पंचतंत्राचेंच पश्चिमेकडे गेलेलें रूप होय. ज्या पायांनीं हजार मैल तुडविले त्यांच्याच धन्यानें करटक-दमनकांची कथा इंग्रजी वाचकांपुढें ठेविली, हें पाहून खेळ व विद्या यांचें वैर आहे असें कोण म्हणेल?

आपल्याकडेही सायकलीचा आणि बुद्धिमंतांचा संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवांतील सायकलींच्या दुकानानेंच झाला. १९२३ मध्यें मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं हकीम, बापासोला व भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्यें परतले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें भारताचे सायकलपटू उतरले. मुंबई-पुणें शर्यतींत बोरघाट प्रथम चढणारास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविण्याची चाल महाराष्ट्रास सुपरिचित आहे. अलीकडचीं उदाहरणें पाहावयाचीं तर २०१७ सालीं नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्यानें बारा दिवसांच्या मुदतींत पुरी केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी ही मुलगी इंग्लंडमध्यें विद्यापीठांत शिकत असतांना, विसाव्या वर्षीं, १५९ दिवसांत सायकलीनें पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१८ च्या डिसेंबरांत परतली. तेव्हां हा खेळ मुलांचाच, अशीही समजूत बाळगण्याचें कारण उरलेलें नाहीं.

असो. आतां त्या घरगुती पेंचाकडे वळूं.

विद्यापीठाची निवड आणि आमच्या पुतण्याची प्रात्यक्षिक परीक्षा यांमध्यें थोड्याच दिवसांचें अंतर होतें. वर्ष शेवटचें, पुढें काय करावयाचें हें याच वर्षाच्या गुणांवर अवलंबून. त्यानें या खेळांत इतका वेळ घालवावा हें थोरल्या बंधूंस पसंत नव्हतें. वहिनींचें भय निराळेंच होतें. त्यांच्या डोळ्यांपुढें महामार्गावरील मालमोटारी उभ्या राहत. सायकलीच्या किंमतीचाही प्रश्न होता. शर्यतीच्या चांगल्या सायकलीस मध्यमवर्गीय कुटुंबाच्या कित्येक महिन्यांची शिल्लक लागते, आणि टायर, सांखळी, जोडे यांचा खर्च त्यावर चालूच राहतो. आमच्या पुतण्यानें शिकवण्या करून कांहीं रक्कम जमविली होती, कांहीं आजीनें दिली होती. शेतकऱ्याच्या मुलाची सायकल तर दुसऱ्याची वापरलेली होती, आणि तिचें एक चाक आमच्या पुतण्यानें दिलेलें होतें. राज्य-शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंस पांच टक्के जागा राखीव आहेत, ही गोष्ट पुतण्यानें वडिलांस सांगून पाहिली, पण बंधूंचें उत्तर तयार होतें: “त्या जागा पदकवाल्यांस. तुला पदक मिळेल याची हमी कोण देतो?” या उत्तरांत खोटें कांहींच नव्हतें. अखेर बंधूंनीं दूरध्वनीवर सांगितलें, “मामांनीं डोळ्यांनीं पाहावें आणि सांगावें. ते म्हणतील तें मला मान्य आहे.”

मामांनीं एकदम होकारही दिला नाहीं, नकारही दिला नाहीं. ते म्हणाले, “रविवारीं तुमची परीक्षा. दहा किलोमीटर जावयाचें आणि परत यावयाचें. वेळ मी धरीन.” मुलांनीं स्वतःसाठीं जो वेळ ठरविला होता तो त्यांनीं मामांस लिहून दिला. निवडींत टिकावयाचें तर त्याच्या आंत येणें अवश्य होतें.

रविवारीं सकाळीं गांवांतील पंधरावीस मंडळी शाळेजवळ जमली. तो वृद्ध धुरकरीही घोंगडी पांघरून आला होता. मामा हातांत घड्याळ घेऊन खुर्चीवर बसले. चौघे सुटले, आणि आम्ही पूर्वींप्रमाणें मोटारसायकलीवर मागें राहिलों. जातांना सर्व सुरळीत झालें. परततांना मात्र समोरून वारा सुटला. उघड्या बांध्यांवरून येणारा तो थंड वारा आम्हांस मोटारसायकलीवरही झोंबूं लागला. शेतकऱ्याचा मुलगा, जो चढावर सर्वांत चपळ, तो वाऱ्यांत ढिला पडूं लागला. त्याच्या आणि पुढच्या चाकामध्यें प्रथम हातभर, मग दोन हात अंतर पडलें. एकदां तें अंतर वाढलें म्हणजे आडोसा सुटतो, आणि आडोसा सुटला म्हणजे मनुष्य गेलाच. हें आमच्या पुतण्याच्या ध्यानांत आलें. त्यानें कांहीं खूण केली. त्या मुलास दुसऱ्या जागीं घेतलें, आणि आपण पुढें झाला. यापुढें पाळी बदललीच नाहीं. अर्धा मिनिट गेला, एक गेला, तीन गेले. तो पुढेंच राहिला. त्याचे खांदे हेलकावे खाऊं लागले. शेवटचा किलोमीटर उरला असतां तो एकाएकीं बाजूस झाला. तिघे त्याच्या जवळून सूं करीत निघून गेले, आणि त्यांच्यामागें लागण्याइतकीही ताकद त्यास उरली नाहीं.

तिघांनीं रेषा ओलांडली तेव्हां ठरविलेल्या वेळांतील अकरा सेकंद शिल्लक होते. आमचा पुतण्या त्यानंतर मिनिटभरानें, सायकल जेमतेम सांवरीत आला व रस्त्याच्या कडेस बसला.

मामांनीं विचारलें, “कितवा आलास?”

“चौथा, आबाजी.”

“चौघांत चौथा?”

त्यानें मान हलविली. तेव्हां तो शेतकऱ्याचा मुलगा धांपा टाकीतच पुढें आला व म्हणाला, “गुरुजी, वेळ तिसऱ्याचा धरतात. तिसरा मी आहें. शेवटचा सारा वारा यानें घेतला, म्हणून मी वेळेंत आलों.”

मामा कांहीं बोलले नाहींत. घड्याळ खिशांत घालून ते घरीं आले. धुरकऱ्यानें मात्र पुतण्याजवळ बसून त्याच्या पाठीवर हात ठेविला; दमून आलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. इनामाची गोष्ट त्यानें पुन्हां काढली नाहीं.

रात्रीं ओसरीवर मामा आपण होऊन बोलूं लागले. त्यांचे थोरले बंधू, आमचे मोठे मामा, आतां हयात नाहींत. वडील अकालीं वारल्यावर मॅट्रिक होतांच त्यांनीं शिक्षण सोडलें आणि कारकुनाची नोकरी धरली. धाकट्या तिघांचीं शिक्षणें त्या पगारावर झालीं. एक इंजिनियर झाले, एक डॉक्टर झाले, आणि आमचे मामा शिक्षक झाले. “घरांत पाहुणे आले,” मामा म्हणाले, “कीं आमच्या तिघांच्या पदव्या सांगितल्या जात. दादा आंत चहाचें पाहत. दादांनीं काय केलें, असें कोणी विचारलें नाहीं. आम्हींही सांगितलें नाहीं. वेळ तिसऱ्याचा धरतात, हा नियम मला आज कळला.”

कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. मग मामांनीं आमच्या बंधूंस दूरध्वनि केला. “मुलास निवडीस जाऊं दे,” एवढेंच ते म्हणाले, आणि अटी पुतण्यास ऐकूं जातील अशा आवाजांत सांगितल्या: प्रात्यक्षिक परीक्षा बुडवावयाची नाहीं; रोज चार तास अभ्यास; महामार्गावर सरावास जावयाचें नाहीं; शिरस्त्राणावांचून चाकावर पाय ठेवावयाचा नाहीं. निवड झाली नाहीं तर तोंड पाडून बसावयाचें नाहीं, ही पांचवी अट मामींनीं आंतून घातली.

निवडीचा निकाल काय लागला तें वाचकांस जाणून घ्यावेंसें वाटेल. चौघांपैकीं दोघे संघांत घेतले गेले. शेतकऱ्याचा मुलगा त्यांत होता. आमचा पुतण्या राखीव राहिला. प्रात्यक्षिक परीक्षेस तो वेळेवर बसला. त्याचें तें चाक अद्याप मित्राच्याच सायकलीस आहे.

आतां ज्या घरांतून अशीं मुलें-मुली असतील त्या घरांतील वडील माणसांस आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली व्यवहाराची. या खेळास रस्ता निवडूनच परवानगी द्यावी. गांवाकडची मोकळी वाट, पहांटेनंतरचा उजेड, मागेंपुढें दिवा, डोक्यास शिरस्त्राण आणि सोबत दोघेतिघे, एवढें असेल तर धोका पुष्कळ कमी होतो. धुक्यांत वा अंधारांत वेगाचा सराव कधींही करूं देऊं नये. वाढत्या वयांत दोनदोन तास पाय चालवावयाचे तर पोटास भात-पोळी-वरण भरपूर लागतें. त्यांत काटकसर करूं नये. नवी महाग सायकल पहिल्याच वर्षीं घेऊन देण्याची घाईही करूं नये. पाय आणि हौस टिकते कीं नाहीं, तें जुन्या सायकलीवरही कळतें.

दुसरी विनंती याहून महत्त्वाची आहे. शर्यतीहून परतलेल्या मुलास आपण उंबऱ्यावरच विचारतों, “कितवा आलास?” हा प्रश्न एकट्याच्या शर्यतीस ठीक आहे. संघाच्या शर्यतीहून आलेल्या मुलास त्याऐवजीं विचारावें, “पुढें किती वेळ राहिलास?” एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आपणांस हा प्रश्न वास्तविक कोणी शिकवावयास नको. ज्याचें नांव पाटीवर नाहीं, पदव्यांच्या यादींत नाहीं, फोटोंत मागच्या रांगेंत अर्धवट दिसतें, असें एक तरी माणूस प्रत्येक घरांत असतें. काका असतील, आत्या असेल, लवकर शिक्षण सोडलेली थोरली बहीण असेल. त्यांनीं किती वेळ वारा अंगावर घेतला याची चौकशी करण्यास सायकलीच्या शर्यतीची वाट पाहावयास नको होती. पण आमच्या मामांस ती संधि एकोडीच्या रस्त्यावर मिळाली, आणि त्यानंतर त्यांच्या दिवाणखान्यांत मोठ्या मामांची एक तसबीर लागली आहे.

मार्गशीर्ष-पौषांत कोणास सवड झाली तर नागझिरा पाहण्याच्या निमित्तानें साकोलीस जावें, आणि एक सकाळ या वाटेसाठीं राखून ठेवावी. पुंजणीं उभीं असतील, लाखोळी फुलांवर येत असेल, आणि बोडीच्या कांठीं बगळे बसलेले असतील. धुकें विरतां विरतां मागून सांखळ्यांचा बारीक आवाज आला, तर आपली मोटार कडेस घेऊन त्या मुलांस वाट द्यावी.